गावाचा बंब

(अमेरिकेतील लहान गावांत आग विझवण्याचे काम बहुधा गावकरीच करतात. त्यासाठी लागणारा पैसाही ते बऱ्याच अंशी स्वतःच जमवतात. पेनसिल्व्हेनिया राज्यातील अशा अग्निशमन दलांची माहिती या पाठात दिली आहे.)

आग लागली की आपण १०१ या क्रमांकावर फोन करतो. थोड्याच वेळात घंटा वाजवत लाल बंब येतो. बंबावरचे जवान नगरपालिकेचे किंवा महानगरपालिकेचे नोकर असतात. त्यांना पगार मिळतो, गणवेश मिळतो. नवा बंब विकत घ्यायचा झाला, तर जवानांना घरोघर फिरून वर्गणी गोळा करावी लागत नाही. मुंबईसारख्या शहरात राहणाऱ्यांना हे इतके सवयीचे झाले आहे, की याहून निराळी रीत असेल असे मनातही येत नाही.

अमेरिकेत मात्र दोन रीती आहेत. न्यूयॉर्क, शिकागो अशा मोठ्या शहरांत पगारी जवान आहेत. लहान गावांत स्वयंसेवक आहेत. सन २०२० मध्ये त्या देशात आग विझवणारे सुमारे १० लाख ४१ हजार जवान होते. त्यांतले सुमारे ६५ टक्के स्वयंसेवक होते. पेनसिल्व्हेनिया राज्यात तर दहांपैकी नऊ दले स्वयंसेवकांचीच आहेत. हे स्वयंसेवक म्हणजे कोण? कोणी सुतार, कोणी शिक्षक, कोणी किराणा दुकानदार, कोणी शेतकरी.

समजा, दुपारची वेळ आहे. सुतार फळी कापत आहे. इतक्यात गावातल्या अग्निशमन केंद्राच्या छपरावरचा भोंगा वाजतो, किंवा कमरेचा पेजर वाजू लागतो. सुतार करवत खाली ठेवतो आणि आपली गाडी घेऊन केंद्राकडे निघतो. पेनसिल्व्हेनियात अशा स्वयंसेवकाला आपल्या गाडीवर निळा दिवा लावण्याची परवानगी आहे. मात्र निळा दिवा लावला म्हणून वाहतुकीचे नियम मोडता येत नाहीत. लाल सिग्नल लागला तर त्यालाही थांबावेच लागते. केंद्रात पोहोचल्यावर तो जाड कोट, विजार, बूट आणि शिरस्त्राण चढवतो. चारपाच जण जमले की बंब बाहेर पडतो. जमले नाहीत, तर शेजारच्या गावाला निरोप जातो.

ही पद्धत कशी सुरू झाली? त्यासाठी आपल्याला १७३६ सालच्या फिलाडेल्फिया शहरात जावे लागेल. त्या वेळी अमेरिका इंग्रजांच्या ताब्यात होती. घरे दाटीने बांधलेली होती आणि प्रत्येक घरात चूल किंवा शेकोटी पेटलेली असे. बेंजामिन फ्रँकलिन तेव्हा तिथे छापखाना आणि वर्तमानपत्र चालवत होता. पुढे शास्त्रज्ञ आणि मुत्सद्दी म्हणून त्याची कीर्ती जगभर झाली. आगीपासून सावध कसे राहावे, याविषयी त्याने लिहिले. लोकांमध्ये चर्चा सुरू झाली. ७ डिसेंबर १७३६ रोजी त्याने आणि त्याच्या मित्रांनी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन केली. ‘कंपनी’ या शब्दाचा अर्थ इथे व्यापारी संस्था असा नाही. मंडळ किंवा पथक असा आहे. आजही पेनसिल्व्हेनियातल्या गावोगावच्या दलांना ‘फायर कंपनी’ असेच म्हणतात.

या मंडळाचे नियम मोठे मजेदार होते. प्रत्येक सभासदाने कातड्याच्या ठरावीक बादल्या आणि मजबूत पिशव्या आपल्या खर्चाने घरात तयार ठेवायच्या. बादल्या पाण्यासाठी आणि पिशव्या जळत्या घरातले सामान बाहेर काढण्यासाठी. महिन्यातून एकदा सर्वांनी संध्याकाळी एकत्र जमायचे, गप्पागोष्टी करायच्या आणि आगीसंबंधी कोणाला काही सुचले असेल तर ते सांगायचे. जो बैठकीला येणार नाही, त्याने दंड भरायचा. या दंडाच्या रकमेतून पुढे पाणी फेकणारी यंत्रे, शिड्या आणि आकडे विकत घेतले गेले, असे फ्रँकलिनने आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

इथे थोडे थांबून विचार करा. बैठक होती म्हणून दंड होता आणि दंड होता म्हणून शिडी आली. लोकांनी एकत्र जमणे आणि आग विझवण्यासाठी पैसा उभा राहणे, या दोन गोष्टी पहिल्या दिवसापासून एकमेकींना बांधलेल्या होत्या. हीच गाठ आजही या दलांमध्ये दिसते.

फ्रँकलिनच्या मंडळात सुमारे ३० सभासद होते. आणखी लोक येऊ लागले, तेव्हा त्यांना ‘तुम्ही तुमचे वेगळे मंडळ काढा’ असा सल्ला देण्यात आला. अशी मंडळामागून मंडळे निघाली.

सगळे काही चांगलेच घडले, असे मात्र नाही. पुढे फिलाडेल्फियात या मंडळांची संख्या फार वाढली आणि त्यांच्यात चुरस लागली. आगीकडे आधी कोण पोहोचतो, यावरून भर रस्त्यात मारामाऱ्या होऊ लागल्या. एकमेकांचे पाण्याचे पाइप कापण्यापर्यंत मजल गेली. घर जळत राही आणि विझवणारे भांडत राहत! शिवाय एकत्र जमण्याची ही जागा सर्वांसाठी खुली नव्हती. १८१८ साली शहरातील काळ्या लोकांनी आपले अग्निशमन मंडळ काढायचे ठरवले, तेव्हा गोऱ्यांच्या मंडळांनी त्याला कडाडून विरोध केला. ते मंडळ बंद पडले. आगीला रंग कळत नाही; माणसांना मात्र तो कळत होता.

दरम्यान वाफेवर चालणारे पाण्याचे पंप आले. त्यांना कमी माणसे पुरत, पण ती शिकलेली आणि शिस्तीची लागत. सिनसिनाटी शहराने १८५३ साली पगारी दल सुरू केले. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये आणि फिलाडेल्फियाने १८७१ मध्ये तोच मार्ग धरला. मोठ्या शहरांतून स्वयंसेवक गेले. खेड्यांत आणि लहान गावांत ते राहिले, कारण दोनतीन हजार वस्तीच्या गावाला रात्रंदिवस पगारी जवान ठेवणे परवडत नव्हते. ते आजही परवडत नाही.

आता अशा गावातले अग्निशमन केंद्र पाहू. पुढच्या बाजूला बंब उभे असतात. मागे किंवा शेजारी पुष्कळदा एक मोठा हॉल असतो, आणि हॉलला लागून मोठे स्वयंपाकघर. आगीचा आणि स्वयंपाकघराचा काय संबंध, असे तुम्हांला वाटेल. पण गावात दुसरा मोठा हॉल बहुधा नसतोच. म्हणून लग्नाची मेजवानी इथे होते, वाढदिवस इथे होतो, कोणाच्या अंत्यविधीनंतरचे जेवणही इथेच होते. निवडणुकीत पुष्कळ ठिकाणी मतदान इथेच असते. रक्तदानाचे शिबिर इथे भरते. पूर आला किंवा बर्फाच्या वादळात वीज गेली, की लोकांना आसरा इथेच मिळतो. हॉलच्या भाड्याची रक्कम दलाच्या तिजोरीत जमा होते.

रविवारी सकाळी कधी पॅनकेकचा नाश्ता असतो. पॅनकेक म्हणजे आपल्या धिरड्यासारखा, पण गोड आणि जाड. ईस्टरच्या आधी ख्रिस्ती लोकांचा ४० दिवसांचा उपवासाचा काळ येतो. उपवासाचे दिवस म्हणजे काय, हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. या काळात शुक्रवारी कॅथलिक लोक मांस खात नाहीत, मासे खातात. तेव्हा दर शुक्रवारी अग्निशमन केंद्रात तळलेल्या मासळीचे जेवण ठेवतात. कॅथलिक नसलेलेही आनंदाने येतात. दाराशी पैसे देऊन ताट घ्यायचे, लांब टेबलाशी बसायचे, शेजाऱ्याची विचारपूस करायची. मुले तोवर बंबावर चढून बसतात.

या जेवणांमागे पिढ्यान्‌पिढ्या स्त्रियांचे कष्ट आहेत. स्त्रियांना पूर्वी दलात जवान म्हणून घेत नसत. त्यांनी आपली सहायक मंडळे काढली. त्यांनी पाव भाजले, सूप शिजवले, भांडी घासली आणि वर्षाच्या शेवटी जमलेली रक्कम दलाच्या हवाली केली. बंबावर नाव कंपनीचे असे. पण त्याच्या किमतीतला मोठा वाटा स्वयंपाकघरातून आलेला असे. आता स्त्रिया स्वतः शिरस्त्राण घालून आगीत शिरतात. तरी जुन्या काळच्या या मेहनतीची नोंद फारशी कोणी ठेवली नाही, याचे वाईट वाटते.

लँकेस्टर जिल्ह्यातली रीत तर याहून न्यारी आहे. या जिल्ह्यात आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. ते साधे कपडे घालतात, घोडागाडीतून फिरतात, मोटार बाळगत नाहीत आणि तारांवरून येणारी वीज घरात घेत नाहीत. विमा कंपनीचा विमाही ते सहसा उतरवत नाहीत. गवताने भरलेले कोठार जळाले, तर शेजारीपाजारी मिळून ते पुन्हा उभे करतात. असे लोक आगीच्या बंबाला आपला मानतात. त्यांच्यातले कितीतरी तरुण गावच्या दलात स्वयंसेवक आहेत. ते बंब चालवत नाहीत, कारण मोटार चालवणे त्यांच्या पंथात बसत नाही. पण दुसरा कोणी चालवत असेल, तर बंबात बसून ते जातात आणि इतरांच्या बरोबरीने आगीशी झुंजतात.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून पुढे वसंत ऋतूत या जिल्ह्यातील गावोगावची दले मोठे लिलाव भरवतात. त्यांना ‘मड सेल’ म्हणजे ‘चिखलातला लिलाव’ म्हणतात. बर्फ वितळून मैदानात घोट्याएवढा चिखल झालेला असतो, म्हणून हे नाव. लिलावात काय नसते? हाताने शिवलेल्या रंगीत गोधड्या, लाकडी कपाटे, नांगर, घोडे, जुन्या घोडागाड्या, फुलझाडांची रोपे! एकाच वेळी मैदानात पाचसहा ठिकाणी बोली चालू असते. लिलाव पुकारणारे इतक्या झपाट्याने बोलतात, की नवख्या माणसाला एक अक्षर कळत नाही. काही वस्तू लोकांनी दान दिलेल्या असतात. त्यांचे सगळे पैसे दलाला मिळतात. काही वस्तू लोक विकण्यासाठी आणतात. त्यांच्या किमतीतून ठरलेला हिस्सा दलाला मिळतो. खाण्याच्या तंबूत कोंबडी आणि मक्याचे गरम सूप, डोनट आणि फळांचे पाय मिळतात. दूरच्या शहरांतून लोक गोधड्या घेण्यासाठी येतात. विकणारा आमिश शेतकरी असतो, घेणारा न्यूयॉर्कचा व्यापारी असतो, आणि दोघांचेही बूट सारखेच चिखलाने माखलेले असतात.

काही दले ‘बिंगो’सारखे पैशांचे खेळ आणि सोडती यांवरही पैसा मिळवतात. अशा छोट्या खेळांना पेनसिल्व्हेनिया राज्याने १९८० नंतर कायदे करून परवानगी दिली आणि बक्षिसांवर मर्यादा घातल्या. पण सगळ्यांनाच हे पसंत नाही. पैसे लावून खेळणे वाईट, मग ते चांगल्या कामासाठी का असेना, असे मानणारे लोक तिथेही आहेत. आमिश लोक त्यांच्यातलेच. लिलावात मात्र कोणालाच संकोच वाटत नाही; पैसे दिले की हातात वस्तू पडते.

एवढी खटपट कशासाठी? खर्च ऐकला म्हणजे समजेल. एका जवानाचा कोट, विजार, बूट आणि शिरस्त्राण यांना काही हजार डॉलर पडतात. धुरात श्वास घेण्याचे उपकरण वेगळे, त्यालाही तितकेच किंवा अधिक. हा पोशाख दहा वर्षांनी बदलावा, असा तिथला दंडक आहे. नवा बंब तर पाच लाख डॉलरच्या पुढेच असतो. आता काही बंबांची किंमत दहा लाखांच्याही पुढे गेली आहे. समजा, मासळीच्या एका ताटामागे खर्च वजा जाता ५ डॉलर उरले. मग पाच लाखांच्या बंबासाठी किती ताटे विकावी लागतील? एक लाख! गावाची वस्ती तीन हजार असेल, तर तान्ह्या बाळासकट प्रत्येकाला तेहतिसांहून अधिक ताटे खावी लागतील.

म्हणजे नुसत्या जेवणांवर काम भागत नाही. गावाची पंचायत करातून थोडी रक्कम देते. राज्याबाहेरच्या विमा कंपन्या पेनसिल्व्हेनियात आगीचा विमा विकतात, तेव्हा त्यांच्या हप्त्यांवर २ टक्के कर बसतो. तो पैसा स्वयंसेवकांच्या मदत संस्थांना मिळतो. त्यातून जखमी जवानांना साहाय्य, प्रशिक्षण आणि सुरक्षेची साधने अशा ठरावीक गोष्टींवरच खर्च करता येतो. २००१ पासून केंद्र सरकारही अनुदान देते. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि देशभरातल्या दलांशी स्पर्धा असते. घरोघर पत्रे पाठवून वर्गणी मागतात. काही गावांत जवान चौकात उभे राहून रबरी बूट पुढे करतात आणि मोटारीतले लोक त्यात पैसे टाकतात. एवढे करूनही बंबासाठी कर्ज काढावे लागतेच.

२०२० च्या मार्च महिन्यात कोरोनाची साथ आली आणि हॉल बंद झाले. उपवासाचे शुक्रवार चालू होते. मासळीची जेवणे बंद पडली. लग्ने रद्द झाली, बिंगो थांबला, अनेक लिलाव झाले नाहीत. आगी मात्र थांबल्या नाहीत. काही दलांनी मासळीचे डबे भरून ते मोटारीच्या खिडकीतून विकायला सुरुवात केली. पैसे थोडे आले, पण लांब टेबले रिकामीच राहिली.

पैशांपेक्षाही मोठी चिंता माणसांची आहे. १९८४ साली अमेरिकेत सुमारे ८ लाख ९८ हजार स्वयंसेवक होते. २०२० साली ते ६ लाख ७७ हजारांच्या आसपास उरले. पेनसिल्व्हेनियात १९७० च्या सुमारास तीन लाख स्वयंसेवक होते, असे तिथले सरकारी अहवाल सांगतात. २०१८ मध्ये ते चाळीस हजारांच्या आत आले. कारणे उघड आहेत. पूर्वी लोक गावातच काम करत. आता नोकरीसाठी दूर जातात. दुपारी भोंगा वाजला तर धावणार कोण? प्रशिक्षणही वाढले आहे. जळत्या घरात शिरण्याच्या प्राथमिक शिक्षणालाच दीडशे तासांहून अधिक वेळ लागतो. आणि हे सारे सांभाळून पुन्हा शुक्रवारी मासळी तळायला उभे राहायचे! जो माणूस आपल्यासाठी आगीत शिरतो, त्याला बुटांच्या पैशांसाठी मासळी तळावी लागावी, हे मला काही योग्य वाटत नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. सरकारने उद्या सगळा पैसा दिला आणि जेवणे, लिलाव बंद झाले, तर नवे स्वयंसेवक कुठून येतील? पॅनकेक खायला आलेले मूल बंबावर चढते, भोंग्याची दोरी ओढते आणि तिथेच त्याला ओढ लागते. पेनसिल्व्हेनियात १४ वर्षांपासून मुलामुलींना कनिष्ठ सभासद होता येते. म्हणजे तुमच्याच वयाच्या मुलांना. त्यांना जळत्या घरात जाऊ देत नाहीत. ती पाइप गुंडाळतात, बंब धुतात, सरावाला येतात. त्यांतली काही अठरा वर्षांची झाल्यावर जवान होतात.

जे आगीवर जाऊ शकत नाहीत, त्यांच्यासाठीही काम असते. म्हातारे झालेले जवान हिशेब पाहतात, दाराशी बसून पैसे घेतात, बटाटे सोलतात. मासळीच्या जेवणाच्या दिवशीही कधी पेजर वाजतो. मग तरुण हातातली झाऱ्यांसह ताटे तिथेच ठेवून बंबाकडे पळतात. एखादी आजी पुढे होते, झारा उचलते आणि कढईतली मासळी उलटते. रांगेतल्या लोकांना ताटे मिळत राहतात.

शब्दार्थ

स्वयंसेवक – पगार न घेता स्वखुशीने काम करणारा
वर्गणी – चंदा, कामासाठी सर्वांनी दिलेली रक्कम
शिरस्त्राण – डोक्याचे रक्षण करणारी टोपी
चुरस – स्पर्धा
मजल जाणे – एखाद्या थरापर्यंत पोहोचणे
आसरा – आश्रय, पनाह
गोधडी – कापडाचे थर शिवून केलेले पांघरूण
बोली – लिलावात सांगितलेली किंमत
दंडक – ठरलेला नियम
झारा – तळलेला पदार्थ काढण्याचा भोकांचा मोठा चमचा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) युनियन फायर कंपनी केव्हा स्थापन झाली?
(आ) ‘मड सेल’ हे नाव का पडले?
(इ) आमिश स्वयंसेवक बंब का चालवत नाहीत?

२. तीनचार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बैठकीला न येणाऱ्यांच्या दंडाचा उपयोग कसा झाला?
(आ) गावातील लोक अग्निशमन केंद्राच्या हॉलचा उपयोग कशाकशासाठी करतात?
(इ) स्वयंसेवकांची संख्या का कमी होत आहे?

३. एका ताटामागे ८ डॉलर उरले, तर ४ लाख डॉलरच्या बंबासाठी किती ताटे विकावी लागतील?

४. ‘सरकारने सगळा पैसा द्यावा’ आणि ‘गावाने स्वतः पैसा जमवावा’ या दोन मतांवर वर्गात चर्चा करा.

५. तुमच्या मोहल्ल्यात वर्गणी काढून कोणती कामे होतात, याची घरी चौकशी करा आणि दहा ओळी लिहा.